चाळीस टक्क्यांची रेषा : परकीय चलन नियमन कायदा, १९७३ आणि भारतातील बहुराष्ट्रीय कंपन्या

प्रस्तावना

आंतरराष्ट्रीय व्यवसायात बहुराष्ट्रीय कंपन्यांपुढे कोणती आव्हाने उभी राहतात, याची चर्चा वाणिज्य शाखेच्या क्रमिक पुस्तकांत बहुधा यादीच्या स्वरूपात आढळते. भाषा व चालीरीतींतील भिन्नता, चलनदरातील चढउतार, राजकीय अस्थैर्य, यजमान देशाचे कायदे अशी ही यादी असते. मात्र एकच आव्हान अनेक कंपन्यांपुढे एकाच वेळी उभे राहिले असता त्यांची उत्तरे परस्परांहून इतकी भिन्न का असतात, याचा उलगडा अशा यादीतून होत नाही. त्यासाठी इतिहासाकडे वळावे लागते.

या दृष्टीने भारताचा परकीय चलन नियमन कायदा, १९७३ म्हणजेच 'फेरा' हा अभ्यासास अत्यंत उपयुक्त आहे. एकच कायदा, त्यातील एकच कलम आणि त्याच्या कक्षेत येणाऱ्या शेकडो विदेशी कंपन्या, अशी परिस्थिती १९७४ ते १९८० या काळात भारतात निर्माण झाली. आयबीएम व कोका-कोला यांनी देश सोडला. कोलगेट-पामोलिव्हने मुख्य कंपनीचा हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणला. हिंदुस्थान लिव्हरने दीर्घ वाटाघाटींनंतर एक्कावन्न टक्के राखले. आयटीसीमधील ब्रिटिश भागधारकाने हिस्सा कमी केला आणि कालांतराने कंपनीवरील पकडही गमावली. कायद्याने मालकीची टक्केवारी मोजली. कंपन्यांना मात्र चिंता होती ती नियंत्रणाची. मालकी आणि नियंत्रण यांतील हे अंतर ज्या कंपनीने जसे ओळखले, त्यानुसार तिचे उत्तर ठरले, असे या इतिहासावरून दिसते.

कायद्याची पार्श्वभूमी

विदेशी भांडवलासंबंधी स्वतंत्र भारताचे धोरण प्रारंभी बरेच उदार होते. एप्रिल १९४९ मध्ये पंडित नेहरूंनी संसदेत केलेल्या निवेदनात विदेशी उद्योगांना देशी उद्योगांप्रमाणेच वागणूक देण्याचे आणि नफा मायदेशी नेण्याची मुभा ठेवण्याचे आश्वासन होते. तथापि उद्योगाची बहुसंख्य मालकी व परिणामकारक नियंत्रण सामान्यतः भारतीयांच्या हाती असावे, हेही त्याच निवेदनात नमूद होते. प्रत्यक्षात पुढील दोन दशके या दुसऱ्या भागाचा फारसा आग्रह धरला गेला नाही. १९५७-५८ च्या परकीय चलनटंचाईनंतर तर विदेशी भांडवलाचे स्वागतच झाले.

साठच्या दशकाच्या अखेरीस वारे बदलले. १९६९ चा मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा कायदा, त्याच वर्षीचे बँकांचे राष्ट्रीयीकरण आणि १९७० चा पेटंट कायदा ही त्याची ठळक चिन्हे होत. हे केवळ भारतातच घडत होते असे नाही. दक्षिण अमेरिकेतील अँडियन गटाच्या राष्ट्रांनी १९७० मध्ये विदेशी भांडवलावर समाईक निर्बंध घातले, मेक्सिकोने १९७३ मध्ये स्वतंत्र कायदा केला, नायजेरियाने १९७२ मध्ये देशीकरणाचा हुकूम काढला. चिलीतील आयटीटी कंपनीच्या राजकीय हस्तक्षेपामुळे बहुराष्ट्रीय कंपनी या संस्थेविषयीच जगभर संशय निर्माण झाला होता. हा जागतिक संदर्भ ध्यानात घेतल्यावाचून आयबीएमसारख्या कंपनीचा हट्ट समजत नाही.

१९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेला 'फेरा' सप्टेंबर १९७३ मध्ये संमत झाला आणि १ जानेवारी १९७४ पासून अमलात आला. या दोन तारखांच्या दरम्यान तेलाच्या किमती भडकल्या आणि चलनाचा प्रश्न अधिकच बिकट झाला. कायद्याच्या कलम २९ नुसार भारतात शाखेच्या रूपाने काम करणाऱ्या विदेशी कंपन्यांना, तसेच ज्यांत अनिवासी भागधारकांचा हिस्सा चाळीस टक्क्यांहून अधिक होता अशा भारतीय कंपन्यांना, व्यवसाय चालू ठेवण्यासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी आवश्यक ठरली. शाखांनी भारतीय कंपनीत रूपांतर करून घ्यावे आणि विदेशी हिस्सा सामान्यतः चाळीस टक्क्यांवर आणावा, अशी अपेक्षा होती. मूलभूत उद्योग, प्रगत तंत्रज्ञान अथवा निर्यात यांत गुंतलेल्या कंपन्यांना चौऱ्याहत्तर टक्क्यांपर्यंत सवलत होती. १९७६ मध्ये मध्यला एक्कावन्न टक्क्यांचा टप्पा ठरवण्यात आला. उलाढालीचा किमान साठ टक्के भाग अशा अग्रक्रमाच्या कामांतून आणि किमान दहा टक्के निर्यातीतून येत असेल, तर हा टप्पा मिळत असे.

येथे एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. चाळीस टक्क्यांच्या खाली उतरलेली कंपनी या कायद्याच्या दृष्टीने बहुतांशी भारतीय ठरत असे आणि तिच्यावरील विशेष बंधने दूर होत. म्हणजे ती रेषा जितकी शिक्षेची होती तितकीच सुटकेचीही होती.

समभाग कोणाच्या हाती गेले?

हिस्सा कमी करण्याचे दोन मार्ग होते. मुख्य कंपनीने आपले समभाग भारतीयांस विकावेत अथवा कंपनीने नवे समभाग काढून ते केवळ भारतीयांना द्यावेत. पहिल्या मार्गाने विक्रीची रक्कम देशाबाहेर जाणार. दुसऱ्या मार्गाने ती कंपनीतच राहून विस्तारास उपयोगी पडणार. साहजिकच शासनाचा कल दुसऱ्याकडे अधिक होता. कोणत्याही मार्गाने गेले तरी समभागाची किंमत बाजार ठरवीत नसे. १९४७ च्या भांडवल निर्गम नियंत्रण कायद्याखाली ती नियंत्रकाच्या कार्यालयात ठरत असे आणि तेथील पद्धत अतिशय सावध असल्याने नामांकित कंपन्यांचे समभाग जनतेस स्वस्तात मिळाले.

मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय कुटुंबांत 'फेरा कंपन्यांचे शेअर' हा शब्दप्रयोग याच काळात रूढ झाला. बँकेच्या मुदत ठेवीपलीकडे कधी न गेलेल्या नोकरदार वर्गाने अर्ज भरले. भारतातील शेअरबाजाराचा पाया रुंदावण्याचे श्रेय बहुधा १९७७ च्या रिलायन्सच्या विक्रीस दिले जाते. त्यात या विदेशी कंपन्यांच्या सक्तीच्या विक्रीचाही मोठा वाटा आहे.

परंतु या विखुरलेल्या मालकीचा परिणाम काय झाला? साठ टक्के समभाग हजारो लहान भागधारकांत वाटले गेले. वार्षिक सभेस त्यांपैकी थोडेच येत, आणि येत ते लाभांशाविषयी विचारण्यासाठी. चाळीस टक्क्यांचा एकसंध गठ्ठा ज्याच्या हाती, त्याचेच संचालक मंडळ राहिले. शिवाय मुद्रानाम आणि तंत्रज्ञान मुख्य कंपनीचेच होते. कोलगेट-पामोलिव्हने १९७८ मध्ये हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणला, पण टूथपेस्टच्या बाजारपेठेतील तिचे स्थान वा मुख्य कंपनीशी असलेले तिचे नाते यांत लक्षणीय बदल झाला नाही. अनेक कंपन्यांनी हेच ओळखले आणि कुरकुर न करता रेषेखाली उतरणे पसंत केले.

वाटाघाटींचा मार्ग : हिंदुस्थान लिव्हर

युनिलिव्हरचा दृष्टिकोन याहून निराळा होता. शिवडी येथे १९३४ पासून साबण बनवणाऱ्या या समूहाने १९५६ मध्ये आपल्या तीन भारतीय कंपन्या एकत्र करून हिंदुस्थान लिव्हर स्थापन केली आणि तेव्हाच दहा टक्के समभाग भारतीय जनतेस दिले. १९६१ मध्ये प्रकाश टंडन हे तिचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. पुढे वसंत राजाध्यक्ष या मराठी व्यक्तीनेही ते पद भूषविले. तरीही 'फेरा' आला तेव्हा मुख्य कंपनीचा हिस्सा सुमारे पंच्याऐंशी टक्के होता आणि मुख्य व्यवसाय होता साबण व वनस्पती तुपाचा. शासनाच्या अग्रक्रमात या दोहोंना स्थान नव्हते.

साबण बनवणारी कंपनी प्रगत तंत्रज्ञानाची कंपनी आहे हे शासनास पटवणे सोपे नव्हते. टी. थॉमस यांच्या अध्यक्षपदाच्या काळात, म्हणजे १९७३ ते १९८०, कंपनीने त्यासाठी आपल्या व्यवसायाची रचनाच बदलण्यास घेतली. तळोजे येथे १९७४ मध्ये औद्योगिक रसायनांचा प्रायोगिक प्रकल्प उभारला. हल्दिया येथे डिटर्जंटसाठी लागणाऱ्या फॉस्फेटचा कारखाना १९७९ मध्ये सुरू झाला. उत्तर प्रदेशातील एटा येथे दुग्धव्यवसायाशी जोडून ग्रामविकासाचा कार्यक्रम १९७६ मध्ये हाती घेण्यात आला. मागास भागांत कारखाने काढले गेले, निर्यात वाढवण्यात आली. मुख्य कंपनीचा हिस्सा टप्प्याटप्प्याने उतरून १९८० मध्ये एक्कावन्न टक्क्यांवर आला आणि तेथेच थांबला.

चाळीस टक्क्यांनी नियंत्रण राहते हे ठाऊक असताना या अकरा टक्क्यांसाठी एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न उद्भवतो. एक्कावन्न टक्के असले तरच युनिलिव्हरच्या हिशेबात ती उपकंपनी राहते; तिच्याशी संशोधन, प्रशिक्षण व अधिकाऱ्यांची देवाणघेवाण निःशंकपणे करता येते. चाळीस टक्क्यांवरील पकड इतर भागधारकांच्या उदासीनतेवर अवलंबून असते, हेही त्यामागे असावे. ती भीती निराधार नव्हती, हे पुढे आयटीसीच्या उदाहरणावरून दिसेल. गंमत अशी की कंपनीचे वरिष्ठ अधिकारी दिल्लीत टक्केवारीचा हिशेब मांडत असताना तिच्या बाजारपेठेस खरा धक्का अहमदाबादेहून बसत होता. करसनभाई पटेल यांच्या 'निरमा'चा 'फेरा'शी काहीएक संबंध नव्हता.

देश सोडणाऱ्या कंपन्या : आयबीएम आणि कोका-कोला

आयबीएम भारतात १९५० च्या दशकाच्या प्रारंभापासून होती, पूर्णतः विदेशी मालकीची शाखा म्हणून. अन्य देशांत वापरून परत आलेली '१४०१' जातीची संगणकयंत्रे मुंबई येथील कारखान्यात दुरुस्त करून ती भारतीय संस्थांना भाड्याने देणे, हा तिच्या व्यवसायाचा महत्त्वाचा भाग होता. यंत्राची किंमत केव्हाच वसूल झालेली असे, भाडे मात्र चालूच राही. संसदेच्या लोकलेखा समितीने सत्तरच्या दशकाच्या मध्यास या पद्धतीवर कठोर टीका केली.

हिस्सा कमी करण्याच्या मागणीस कंपनीने पर्यायी प्रस्ताव दिला. सेवा केंद्रांचा व्यवसाय चाळीस टक्के हिस्सा असलेल्या भारतीय कंपनीकडे द्यावा, निर्मिती व निर्यात मात्र पूर्ण मालकीखाली राहावी, असा त्याचा आशय होता. शासनाने तो फेटाळला. नोव्हेंबर १९७७ मध्ये कंपनीने माघारीचा निर्णय जाहीर केला आणि १९७८ च्या मध्यास काम थांबवले. जगभर पूर्ण मालकीचे एकच धोरण राबवणाऱ्या, एका देशात सुटे भाग आणि दुसऱ्या देशात जुळणी अशी उत्पादनव्यवस्था असलेल्या या कंपनीस भारताची बाजारपेठ गमावणे परवडणारे होते. भारताने मिळवलेली सवलत पाहून अन्य राष्ट्रांनी तीच मागणी करणे परवडणारे नव्हते. भारतातील वाटाघाटी भारतापुरत्या नव्हत्याच.

याच क्षेत्रातील ब्रिटिश कंपनी आयसीएलने मात्र चाळीस टक्क्यांची अट मान्य केली. तिची निर्मिती करणारी पुण्यातील कंपनी 'आयसीआयएम' पुढे अनेक स्थित्यंतरांनंतर 'झेन्सार' या नावाने सॉफ्टवेअर क्षेत्रात ओळखली गेली. अमेरिकेच्या बरोज कंपनीने टाटांशी भागीदारी करून सांताक्रूझ येथील निर्यात क्षेत्रात बस्तान बसवले. तेव्हा संगणकासारख्या उद्योगात पूर्ण मालकी अपरिहार्यच असते, हा आयबीएमचा युक्तिवाद तिच्या स्पर्धकांनीच खोडून काढला, असे म्हणावे लागते.

कोका-कोलाची गोष्ट अधिक गाजली. १९५० पासून भारतात असलेल्या या पेयाचे बाटलीभरण भारतीय उद्योजक करीत. अर्क पुरवणारी शाखा तेवढी विदेशी होती. गुंतवणूक अल्प आणि नफा मात्र मोठा, ही टीका संसदेत वारंवार होई. शीतपेय हा अग्रक्रमाचा उद्योग नसल्याने सवलतीचा प्रश्नच नव्हता. अर्क भारतीय कंपनीने बनवावा आणि कृतीचे ज्ञान तिला द्यावे, असा शासनाचा आग्रह होता. कंपनी चाळीस टक्क्यांच्या व्यवस्थेस तयार झाली, परंतु गुणवत्ता-नियंत्रण व समन्वयाचे कार्यालय पूर्णतः आपल्या मालकीचे राहावे ही अट तिने सोडली नाही. पेयाची गुप्त कृती त्या कार्यालयाच्या भिंतींआड होती. ऑगस्ट १९७७ मध्ये उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी लोकसभेत शासनाची भूमिका स्पष्ट केली आणि त्याच वर्षी कंपनीने भारत सोडला.

फर्नांडिस यांनी कोका-कोलास हाकलले, हा समज आजही दृढ आहे. कामगार नेते म्हणून मुंबई गाजवलेल्या या नेत्याच्या प्रतिमेस तो साजेसाही आहे. वस्तुतः कायदा इंदिरा गांधींच्या शासनाचा होता आणि त्याखालील प्रक्रियाही जनता पक्ष सत्तेवर येण्यापूर्वीच सुरू झाली होती. जनता शासनाने सवलत नाकारली, एवढाच त्यांचा वाटा.

रिकाम्या झालेल्या जागा

निघून गेलेल्या कंपन्यांच्या जागा दोन अगदी भिन्न रीतींनी भरल्या गेल्या. शीतपेयांत शासनाच्या मॉडर्न बेकरीजने 'डबल सेव्हन' बाजारात आणले. नावातच सत्तांतराचे वर्ष गुंफलेले हे पेय फार काळ तग धरू शकले नाही. बाजारपेठ मिळवली ती मुंबईच्या पार्ले समूहाच्या 'थम्स अप'ने. संगणकाच्या क्षेत्रात १९७५ मध्ये स्थापन झालेल्या शासकीय सीएमसीकडे आयबीएमच्या यंत्रांची देखभाल आली आणि विविध उत्पादकांची यंत्रे सांभाळण्याचा अनुभव तेथील अभियंत्यांना मिळाला. आयबीएमच्या माजी कर्मचाऱ्यांनी स्वतःचे उद्योग काढले. १९७६ मध्ये उभ्या राहिलेल्या एचसीएलसारख्या कंपन्यांना मोकळी बाजारपेठ लाभली. भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाचा उदय आयबीएमच्या जाण्यामुळेच झाला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. टाटा कन्सल्टन्सी १९६८ पासून कार्यरत होती आणि सांताक्रूझचे निर्यात क्षेत्र १९७३ चे. एकाच उत्पादकावर अवलंबून राहण्याची सवय मात्र मोडली.

औषध उद्योगात 'फेरा'पेक्षा १९७० च्या पेटंट कायद्याचा परिणाम मोठा होता. तेल कंपन्यांबाबत तर टक्केवारीचा प्रश्नच उरला नाही. तुर्भे येथील एस्सो व बर्मा-शेल यांचे शुद्धीकरण कारखाने अनुक्रमे १९७४ व १९७६ मध्ये राष्ट्रीयीकृत झाले.

१९९१ नंतर

जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने अनेक उद्योगांत एक्कावन्न टक्के विदेशी हिश्शास आपोआप मान्यता दिली. जानेवारी १९९३ मधील दुरुस्तीने चाळीस टक्क्यांच्या रेषेचे महत्त्व संपवले. १ जून २००० पासून 'फेरा'ची जागा परकीय चलन व्यवस्थापन कायद्याने, म्हणजे 'फेमा'ने घेतली.

रेषा पुसली जाताच ज्या कंपन्यांनी सत्तरच्या दशकात हिस्सा कमी केला होता, त्यांपैकी अनेकींनी तो पुन्हा वाढवला. मार्ग होता प्राधान्याने समभाग वाटपाचा. मुख्य कंपनीला नवे समभाग बाजारभावाहून पुष्कळ कमी किमतीत देण्याचे ठराव विखुरलेल्या भागधारकांच्या सभांत संमत झाले. कोलगेट-पामोलिव्हमध्येही मुख्य कंपनीचा हिस्सा एक्कावन्न टक्क्यांवर गेला. यावर बराच गदारोळ झाल्यानंतर १९९४ मध्ये सेबीने अशा वाटपाच्या किमतीस बाजारभावाशी जोडणारे नियम केले. नियंत्रकाने ठरवलेल्या अल्प किमतीत भारतीयांस मिळालेली मालकी तशाच अल्प किमतीत परत गेली, असा हा हिशेब आहे. मधल्या काळात समभाग सांभाळलेल्या लहान गुंतवणूकदारास भरघोस लाभ झाला, हे मान्य करूनही वाटपाच्या वेळी तोच डावलला गेला हे नाकारता येत नाही.

१९७७ मध्ये चाळीस टक्के नाकारणारी आयबीएम १९९२ मध्ये टाटांशी निम्म्या भागीदारीत भारतात परतली. पूर्ण मालकी तिने १९९९ मध्ये मिळवली. कोका-कोला १९९३ मध्ये आली ती 'थम्स अप'सह पार्लेची मुद्रानामे विकत घेऊनच. बाटलीभरण करणाऱ्या उपकंपनीतील एकोणपन्नास टक्के हिस्सा कालांतराने भारतीयांस देण्याची अट तिच्यावर होती. ती मुदत जवळ आली तेव्हा, या समभागांना मताधिकार नसावा, अशी कंपनीची मागणी होती. मालकी वाटण्यास हरकत नाही, नियंत्रण वाटणार नाही, ही पंचवीस वर्षांपूर्वीचीच भूमिका होती.

युनिलिव्हरने २०१३ मध्ये खुल्या प्रस्तावाद्वारे भारतीय कंपनीतील हिस्सा सुमारे सदुसष्ट टक्क्यांवर नेला. आयटीसीत मात्र उलट घडले. तेथे 'फेरा'च्या काळात ब्रिटिश अमेरिकन टोबॅको समूहाने सोडलेली मालकी केवळ लहान भागधारकांत विखुरली नाही. तिचा मोठा भाग आयुर्विमा महामंडळ, युनिट ट्रस्ट यांसारख्या शासकीय वित्तीय संस्थांकडे एकवटला. नव्वदच्या दशकाच्या मध्यास हा समूह हिस्सा वाढवून कंपनीवर पुन्हा ताबा मिळवू पाहत असता व्यवस्थापनाने विरोध केला आणि या संस्थांनी व्यवस्थापनाची बाजू घेतली. १९९६ च्या प्रारंभी यो. चं. देवेश्वर अध्यक्ष झाले आणि कंपनी स्वतंत्र वाटेने गेली. ब्रिटिश समूह त्यानंतरही अनेक वर्षे सुमारे तीस टक्क्यांचा मोठा भागधारक राहिला, लाभांश घेत राहिला. मार्च २०२४ मध्ये त्याने त्यातील साडेतीन टक्के आणि मे २०२५ मध्ये आणखी अडीच टक्के समभाग बाजारात विकले.